कडा बघायचं काम

इंटर सायन्सला दोनदा नापास होऊन मी सोलापुराहून तुळजापूरला परत आलो, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती आणि आमच्या घरात माझं पुढं काय करायचं हा प्रश्न रोज जेवणाबरोबर ताटात वाढला जात होता. आमचं घर पुजाऱ्याचं. ठरलेल्या गावांचे यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या आमच्याकडे उतरायचे. त्यांना दर्शन घडवायचं, ओटी-नैवेद्याचं बघायचं, हे आमचं काम. थोरला भाऊ ते झकास करायचा. मला जमेना. मी पडलो चिकित्सक, म्हणजे घरच्या भाषेत भांडकुदळ. कुणी काही सांगितलं की 'कशावरून?' हा प्रश्न माझ्या तोंडून आधी बाहेर पडायचा, आणि तो प्रश्न नैवेद्याच्या बाबतीत विचारून चालत नाही.

शेवटी भावानं मला चाचांच्या हवाली केलं. बसस्टँडकडून देवळाकडे येताना एक बोळ लागायचा, त्यात चाचांचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, तिच्यामागं एक अंधारी कोठडी आणि पुढं फरसबंदी अंगण. चाचा साठीच्या पुढचे. तरुणपणी हैदराबादेत एका मोठ्या फोटोग्राफरच्या हाताखाली शिकले होते. मूलबाळ नव्हतं, चाची चार वर्षांमागं गेल्या होत्या. आमच्या घरी उतरलेले यात्रेकरू दर्शन झालं की चाचांकडे येऊन घरच्या सगळ्यांचा मिळून फोटो काढायचे, ही माझ्या जन्माच्या आधीपासूनची रीत.

चाचांचा कॅमेरा सागवानी होता. तीन पायांवर उभा, चामड्याचा भाता, पुढं पितळेच्या नळीत बसवलेलं भिंग. त्याला खटका नव्हता. भिंगावर टोपी, ती हातानं काढायची, 'एक, दो, तीन' म्हणायचं आणि परत बसवायची. टोपीच्या कडेला चाचांच्या अंगठ्यानं एवढी झीज झाली होती की दुसऱ्या कुणाच्या बोटांत ती नीट बसायचीच नाही. डोक्यावर घ्यायचं काळं कापड चाचींनी शिवलेलं. त्याला आतून लाल अस्तर होतं आणि फोटो धुवायच्या हायपोचा, घामाचा आणि थोडा कापराचा वास होता. कापूर अर्थात आमच्याकडून आलेला. खंडेनवमीला चाचा कॅमेरा आमच्या घरी पाठवायचे, आई त्याला हळदकुंकू वाहायची आणि दुसऱ्या दिवशी तो परत जायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

अंगणात दोन घडीव दगड रोवलेले होते. घोळक्यानं फोटो काढायचा असला की चाचा म्हणायचे, "दगडांच्या आत ऱ्हावा." मग कॅमेरा अंगणाच्या दाराबाहेर, पार बोळात न्यायचा. तिथंही तीन पायांसाठी तीन खळगे होते. खळग्यांत पाय ठेवले आणि माणसं दगडांच्या आत उभी राहिली की कुणी चौकटीबाहेर जाणं शक्यच नव्हतं. तेवढ्या वेळापुरता बोळ बंद. सायकली, बैल, देवीच्या परड्या घेतलेल्या बाया, सगळं थांबायचं, आणि कुणी कुरकुरलं की चाचा कापडातनंच ओरडायचे, "आई थांबलीया का तुमची? थांबलीया न्हवं देवळात, मग जा की सावकाश!"

मला हे बघून राग यायचा. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला मी. इंटरला नापास झालो तरी प्रकाशाचा धडा मला पाठ होता. मी चाचांच्या मागं लागलो की सोलापूरला एक स्टुडिओ बंद होतोय, तिथला नवा स्टँड कॅमेरा घेऊ. त्याचं भिंग जास्त रुंद बघतं, बोळात जायला नको, अंगणातच काम होईल. वर्षभर कटकट केली. शेवटी चाचांनी कॅमेरा घेतला. माझ्या आनंदाखातरच घेतला, हे आज कळतं.

नवा कॅमेरा देखणा होता. भिंगाभोवती आकड्यांची कडी, ती फिरवली की आतलं छिद्र लहानमोठं व्हायचं. खटका दाबला की आवाज व्हायचा. चाचांनी पहिल्यांदा कापडाखाली डोकं घातलं, बराच वेळ आत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "ह्याचं कोपरं काळं दिसत्यात रे."

मी आत जाऊन बघितलं. मागच्या घासलेल्या काचेवर उलटं चित्र पडतं. पाय वर, डोकी खाली. कोपरे जरा मंद होते, तसे सगळ्याच कॅमेऱ्यांत असतात. मी म्हणालो, "सवय नाही म्हणून वाटतंय, चाचा." त्यांनी स्टुलावरचा चहाचा पेला घ्यायला हात केला तो पेल्याला बाहेरून लागला आणि चहा सांडला. त्या महिन्यात असं चारपाच वेळा झालं होतं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, माझ्या पायावर पाय पडायचा. मला वाटलं, नव्या कॅमेऱ्याचा राग काढतायत.

तेवढ्यात ईट गावचे आमचे पिढीजात यजमान नव्या नवरानवरीला घेऊन दर्शनाला आले. खातंपितं शेतकरी घर. घरातले थोरले, म्हणजे नवऱ्याचा बाप, त्यांना सगळे मालक म्हणायचे. त्यांची बहीण लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी आलेली. तिनंच त्या नवऱ्यामुलाला लहानाचा मोठा केला होता, कारण त्याची आई सदा आजारी. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. आमच्या घरी उतरली की पहाटे सगळ्यांच्या आधी उठून आमचंही अंगण झाडून टाकायची. मला लहानपणी तिनं कडेवर घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरवलं होतं, असं आई सांगायची.

फोटोला नवरानवरी मधे बसले. शेजारी मालक, त्यांची बायको, मागं भाऊबंद. आत्याबाई अगदी शेवटी, डाव्या टोकाला. तिला कुणी तिथं उभं राहा म्हटलं नाही. ती आपणहून गेली, पदर सावरला आणि भिंतीला लागून उभी राहिली. नव्या कॅमेऱ्यानं अंगणातच काढलेला पहिला मोठा फोटो तो. मी मोठ्या दिमाखात शेजारी उभा होतो.

फोटो धुऊन निघाला. सगळे स्वच्छ आले होते, आत्याबाई सोडून. तिचा एक खांदा, अर्धा पदर आणि अर्धा चेहरा एवढंच चौकटीत होतं. एकच डोळा, तो सरळ भिंगाकडे बघणारा.

मी चाचांकडे बघितलं, ते दुसरीकडे बघत होते. मला वाटलं, मालकांनी हळूच सांगितलं असणार, नव्या जोडप्याच्या फोटोत विधवा नको म्हणून. चाचांनी गिऱ्हाइकाचं मन राखलं. आणि गंमत बघा, ईटच्या लोकांना वाटलं, फोटोवाल्याला रीत कळते, त्यानं न सांगता केलं. फोटो घेताना मालक भावाला म्हणाले, "चाचा लई जाणते हायेत." आत्याबाईनं फोटो हातात घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "बरोबर हाय की. माझं काय काम त्यात." कुणी काहीच विचारलं नाही. एवढी मोठी चूक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाली आणि ती चूक आहे असं एकालाही वाटलं नाही. 'कशावरून?' हा माझा लाडका प्रश्न त्या दिवशी कुठं गेला होता, देवीला ठाऊक.

मला चाचांचा रागच आला. दोन दिवस मी तुटक बोललो. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मग शाळेच्या मास्तरांचा फोटो झाला. हेडमास्तरांची बदली, सगळे मास्तर फेटे बांधून आलेले. टोकाला ड्रिलमास्तर, सहा फूट उंच, छाती ढालीसारखी. फोटोत ते उभे चिरल्यागत अर्धेच आले. दुसऱ्या दिवशी अंगणात येऊन ते गरजले, "ओ चाचा! मी काय अर्धाच हजर होतो व्हय?"

आता आली का पंचाईत! ड्रिलमास्तर काही विधवा नव्हते. त्यांना कापायची कुठलीही रीत नव्हती. चाचा गोरेमोरे झाले आणि म्हणाले, "मास्तर, ह्या नव्या भिंगाचं कोपरं काळं हाय. दिसतच न्हाय काय. मी ह्या पोराला पयल्याच दिवशी बोल्लो व्हतो."

मास्तर गेल्यावर माझा तोल गेला. कॅमेरा माझ्या हट्टानं आलेला, त्याला नावं ठेवलेली मला झोंबली. मी म्हणालो, "चाचा, नाचता येईना अंगण वाकडं!"

चाचा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "वाकडं असंल तर मोजून बघ."

हे वाक्य मला आव्हानासारखं लागलं. बरं, मोजूच. देवळाच्या पलीकडे एका धर्मशाळेची मागची भिंत होती, उत्तरेकडे तोंड केलेली, दसऱ्याला नुकतीच चुन्यानं पांढरी केलेली. सकाळी तिच्यावर ऊन येत नसे, सगळीकडे सारखा उजेड. दोन्ही कॅमेरे मी हातगाडीवर घालून तिथं नेले. कल्पना सोपी. सगळी भिंत सारखीच पांढरी आहे, तर फोटोही सगळा सारखाच पांढरा यायला हवा. कोपरे काळे आले तर दोष भिंगाचा. भिंतीवर मधोमध कोळशानं फुली मारली, पाटीवर खडूनं कॅमेऱ्याचं नाव आणि कडीवरचा आकडा लिहून ती खाली टेकवली, आणि प्रत्येक आकड्याला एकेक फोटो काढला. मग जुन्या कॅमेऱ्यानं, टोपी काढून, एक, दो, तीन. गुरं राखणारा एक म्हातारा थांबून विचारता झाला, "भितीचं लगीन हाय का?"

सगळे फोटो धुऊन दोरीवर वाळत घातले आणि माझं डोकंच फिरलं. नव्या भिंगाचे फोटो कोपऱ्यांपर्यंत पांढरे होते. छिद्र पूर्ण उघडं ठेवलेल्या एका फोटोत जरा सावली, बस्स. आणि जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोत चारी कोपरे तव्याच्या बुडासारखे काळे! मधे पांढरा गोल आणि भोवती अंधार.

म्हणजे ज्याचे कोपरे काळे असल्याची तक्रार तो निर्दोष आणि ज्याचं कौतुक तो दोषी. मला वाटलं पाट्यांची अदलाबदल झाली. परत भिंतीकडे गेलो, परत सगळं केलं. परत तेच. मग मी स्टुडिओतले जुने फोटो काढून बघितले, वीस-वीस वर्षांपूर्वीचे. सगळ्यांचे कोपरे काळे. आमच्या घरातल्या फोटोंचेसुद्धा! जन्मभर ते बघत आलो, कधी लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं फोटो म्हणजे असाच असतो, कडेला अंधार आणि मधे माणसं. लोक तर त्याला 'चाचांची छाया' म्हणायचे आणि आवडीनं मागायचे.

चाचा आले. दोरीवरचा एकेक फोटो डोळ्यांसमोर धरून, अगदी सावकाश, नजर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत त्यांनी बघितला. पाट्या वाचल्या. मी म्हणालो, "काही कळत नाही, चाचा. उलटंच झालंय." ते म्हणाले, "व्हय. उलटंच." आणि आत जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

मी मात्र विचार करून करून मेटाकुटीला आलो. फोटोत कोपरे उजळ येतात आणि चाचांना काचेवर काळे दिसतात. मग भिंग निर्दोष, दोष मागच्या घासलेल्या काचेत! आता ती तपासायची. तिसऱ्या सकाळी मी चाचांनाच भिंतीपाशी घेऊन गेलो. ते आले. वाटेत एका कुत्र्याला अडखळले.

मी म्हणालो, "तुम्ही कापडाखाली जा. नेहमी बघता तसं बघा. मी पाटी घेऊन भिंतीच्या टोकाकडून मधे येतो. पाटी दिसली की ओरडा."

नेहमी बघायचे तसं म्हणजे कसं, ते मला माहीत होतं. त्यांनीच मला शिकवलं होतं: मधल्या माणसाच्या डोळ्यांवर नजर ठेवायची, कडा आपोआप दिसतात. चाळीस वर्षं त्यांना कडा आपोआप दिसत होत्या. आता मधे माणूस नव्हता, म्हणून ते फुलीकडे बघत होते.

डाव्या टोकाला चौकट संपते तिथपासून मी निघालो. "दिसते का?"

"न्हाय."

दोन पावलं. "आता?"

"न्हाय."

आणखी दोन. आणखी एक. मला वाटलं थट्टा करतायत. फुलीच्या इतक्या जवळ आलो की हात लांबवला असता तर ती पुसता आली असती. तेव्हा कापडातून आवाज आला, "हां, आली पाटी!" मी तिथं भिंतीवर कोळशानं उभी रेघ मारली. मग उजवीकडून. तिकडून थोडं बरं होतं, पण फार नाही. दुसरी रेघ मारली. दोन रेघांच्या मधे एक माणूस उभा राहील एवढीच जागा होती.

"केवढी खराब काच आहे बघा," मी म्हणालो. खरंच तसंच म्हणालो. "आता मी बघतो."

मी कापडाखाली शिरलो. चाचींच्या कापडाचा तो वास. मीही नजर फुलीवरच ठेवली. काचेवर भिंत उलटी उभी होती, पांढरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चारी कोपरे दिसत होते. डाव्या कोपऱ्यात धर्मशाळेच्या पन्हळीचं तोंडसुद्धा दिसत होतं. आणि मधे, फुलीच्या दोन्ही बाजूंना, माझ्याच हातच्या दोन रेघा.

कळायला मला वेळ लागला. उलट्या चित्रात डावं-उजवं बदलतं, त्यामुळे मी आधी रेघाच अदलून बदलून बघत बसलो, जणू घोटाळा तिथं असावा. मग एकदम सांडलेला चहा आठवला, चौकटीला लागलेला खांदा, मघाचं कुत्रं. काच चांगली होती. भिंग चांगलं होतं. जुन्या कॅमेऱ्याला चाचा कापडाखाली जाऊन काही बघतच नव्हते. दगड ठरलेले, खळगे ठरलेले, सगळं हातापायांना पाठ. नव्यानं त्यांना पहिल्यांदा खरंच बघावं लागलं होतं. आणि तो नवा मीच आणला होता.

मी कापडातून बाहेर येईना. बाहेरून चाचांनी विचारलं, "काय दिसलं?"

आयुष्यभर मी पुरावे मागत आलो. हातात पुरावा आला तेव्हा मी खोटं बोललो. "कोपरे काळेच आहेत, चाचा. काचच खराब."

"झूट नको बोलू, बेटा," ते म्हणाले. "त्या दोरीवरचं फोटू मी बघितलं न्हाईत का? एक कोपरा, दुसरा कोपरा, डोळं फिरवून बघता येतंय मला. कांच चांगली हाय. बघणारा बिघडलाय." मग म्हणाले, "मला वाटलं तुझी मोजणी चुकंल. लई वाटलं, चुकावी."

मी तिथंच भिंतीशी रडलो. लाज कसली आली त्यात? नाचता येईना अंगण वाकडं, असं मी या माणसाला म्हणालो होतो.

सोलापूरच्या डॉक्टरांनी जे केलं ते मी धर्मशाळेच्या भिंतीवर केलं तेच. चाचांना समोर बघायला सांगितलं, बाजूनं बोट आत आणलं, 'दिसलं की सांगा'. मग म्हणाले, काचबिंदू आहे. थेंब घाला, आहे ते टिकेल, गेलं ते येणार नाही. परतीच्या बसमध्ये चाचा माझ्या शेजारी बसले होते. तुळजापूरचा घाट लागला तेव्हा म्हणाले, "ईटची ती बाई. तिचं अर्धं तोंड मी कापलं."

मी म्हणालो, "त्यांना वाटलं तुम्ही रीत पाळली."

"तेच तर," चाचा म्हणाले. "मास्तर वरडला तरी. ती वरडली न्हाय."

मी कबूल केलं की ईटला निरोप धाडतो, खरं काय ते सांगतो. धाडला नाही. कसा धाडणार? खरं सांगायचं तर चाचांचा डोळा गेल्याचं सांगायला हवं, आणि तसं झालं की स्टुडिओत कोण येईल? असं मी स्वतःला समजावत होतो. आज वाटतं, मला आत्याबाईसमोर उभं राहायचं नव्हतं. नक्की काय होतं, अजून मला उमगलेलं नाही.

नवा कॅमेरा कोठडीत गेला. चाचा जुन्यावर परतले आणि दोन दिवसांत पुन्हा पूर्वीसारखे वावरायला लागले, हीसुद्धा नवलाचीच गोष्ट. खळग्यांत पाय, दगडांच्या आत माणसं, अंगठ्याखाली टोपी. त्या कॅमेऱ्यापाशी त्यांच्या हातापायांना डोळ्यांची गरज लागत नव्हती. फक्त एक बदल झाला. टोपी काढायच्या आधी मी कापडाखाली जायचं, कडा बघायच्या आणि 'बरोबर आहे' म्हणायचं. मग ते टोपी काढायचे. हा नियम त्यांनीच केला. बोळ पुन्हा अडायला लागला, मीच सायकलवाल्यांना थोपवायला लागलो.

पुढच्या वर्षी ईटचे लोक परत आले. नव्या जोडप्याला मुलगा झाला होता, त्याचं जावळ काढायचं होतं. जावळ झालं, दर्शन झालं, आणि सगळे फोटोला अंगणात आले. आत्याबाई आली नाही. ती दाराबाहेर बोळात चपलांपाशी बसली. मी बोलवायला गेलो तर म्हणाली, "नगं रे बाबा. माझ्यानं फोटू बिघडतोय. गेल्या खेपंला चाचांनी कापलंच की मला. मी बसते हितं, चपला बघते."

मागं चाचा उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते चाचपत दोन पावलं पुढं आले आणि म्हणाले, "बाई, मधी येऊन बसा."

"मधी?" मालक अंगणातून म्हणाले. "चाचा, मधी पोरगं घेऊन सून बसंल. जावळाचा फोटू हाय. तिला बसू द्या तिकडं."

चाचा वळले. दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूंना धरून त्यांनी झापडांसारखे केले. "मालक, मला आता कडंचं दिसत न्हाय. डॉक्टरनं सांगितलंया, कडा गेल्या. गेल्या वर्सी ह्या बाईला मी कापलं, ते रीत म्हणून न्हवं. मला दिसलीच न्हाय ती. आता मला मधलं तेवढं दिसतंय. फोटू मी काढायचा असंल तर ही मधी बसंल. पोराला तिच्या मांडीवर द्या. न्हायतर कॅमेरा झाकतो."

बोळात थांबलेले सायकलवालेसुद्धा ऐकत होते. गुपित आम्ही वर्षभर जपलं होतं, ते चाचांनी भर रस्त्यात सोडून दिलं. मला वाटलं, संपला स्टुडिओ. मालक लाल झाले. पण गप्प बसलेली सून उठली, बोळात आली, आत्याबाईच्या ओटीत बाळ ठेवलं आणि तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. बाकड्यावर मधोमध बसवलं आणि आपण शेजारी बसली.

आत्याबाई बाळ घट्ट धरून बसली. तिनं पदर पुढं ओढला, परत मागं सारला. तिला काय करावं सुधरत नव्हतं. मग कॅमेऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पुरी येते का मी?"

"पुरी," चाचा म्हणाले. ते कापडाखाली गेलेसुद्धा नव्हते.

मी कापडाखाली शिरलो. काचेवर सगळे उलटे होते, आत्याबाई मधोमध, तिच्या मांडीवरचं बोडकं बाळ. मालक रुसून पार टोकाला गेले होते, डाव्या दगडाच्याही पलीकडे, तोंड फिरवून. त्यांचा अर्धा फेटा आणि एक खांदा चौकटीबाहेर जात होता. कडा बघायचं काम माझं होतं.

मी बाहेर आलो आणि म्हणालो, "बरोबर आहे, चाचा. काढा."